जाळ्यावर टेकलेली पिल्लं

फार मागची गोष्ट. खाडीकाठची पोशीबाई कोळीण बांबूला बांधलेलं चौकोनी जाळं पाण्यात तळाशी सोडून बसायची आणि मासे वर जमले की दोरी ओढून ते उचलायची. एकदा ओहोटीने दमलेली एक बोय मासळी पिल्लांसह त्या जाळ्यावर विसावली.

"बाई, इथे थांबू नकोस," जाळं मासळीला कळवळून म्हणालं.

"पिल्लांना आता पोहवत नाही रे. जरा टेकू दे त्यांना."

तेवढ्यात दोरी ओढली गेली. जाळ्याने आपली भोकं होतील तेवढी ताणली. पिल्लं खाली निसटली, आई मात्र अडकली.

पोशीबाईने वाकून पाहिलं. पिल्लं तिथेच घिरट्या घालत होती.

"आज कालवणावाचून जेवू," ती जाळ्याला म्हणाली. "आईवाचून कुठे जातील ही?"

तिने दोरी सैल सोडली. जाळं अलगद उतरलं आणि आईला पिल्लांमध्ये ठेवून आलं.