कणी मुंगीची कोरी चिठ्ठी

एक होती शाळा. शाळेत होती एक खोली. खोलीत होती कपाटे. कपाटांत होती पुस्तके. पुस्तकांत होत्या गोष्टी. आणि एका गोष्टीच्या कडेला, अगदी कडेला, उभी होती एक मुंगी.

तिचे नाव कणी. तांदळाची कणी असते ना? तेवढीच.

कणी रांगेतली मुंगी होती. पुढे मुंगी, मागे मुंगी, मध्ये कणी. ती खोली म्हणजे शाळेचे वाचनालय. रांग रोज तिथून जाई. खिडकीतून आत, कपाटावरून वर, फटीतून बाहेर. तुरु तुरु, तुरु तुरु.

एके दिवशी कपाटापाशी मंजिरी बसली होती. मंजिरी तिसरीत होती. ती मोठ्याने वाचत होती.

"एक होती होडी. तिची दोरी सुटली. होडी एकटीच निघाली. नदी वळली. होडी वळली. आणि मग..."

कणी थांबली.

मागची मुंगी म्हणाली, "चल गं!"

कणी म्हणाली, "थांब गं! होडीचं काय झालं, तेवढं ऐकते."

पण रांग कधी थांबते का? रांग पुढे गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. दिसेनाशी झाली.

"आणि मग..." मंजिरीने पान उलटले.

ठक! ठक! ठक!

दारावर नवा फळा लागला. फळ्यावर वाचनालयाचे नियम होते. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या होत्या, "मुलांनो, नियम तुम्हीच करा." मुलांनी केले. पण कसे केले? ज्याने त्याने दुसऱ्यासाठी केले.

"बाई, यशोधन पळतो!" लिहा, पळू नका.

"बाई, वैदेही खिदळते!" लिहा, हसू नका.

"बाई, दिगंबर चिवडा सांडतो!" लिहा, खाऊ आणू नका.

"बाई, मंजिरी मोठ्याने वाचते!" लिहा, बोलू नका.

मंजिरीने फळा वाचला. तिने पुस्तक मिटले. फट्!

गोष्ट राहिली आत. कणी राहिली बाहेर.

दुसऱ्या दिवशी थोडी मुले आली. तिसऱ्या दिवशी दोनच आली. चौथ्या दिवशी कोणीच आले नाही. शाळेचे शिपाई भिवामामा आले. त्यांनी फरशी पुसली. सर्र, सर्र. फरशीवर मुंग्यांची वाट होती. तीही पुसली गेली.

कणीने इकडे हुंगले. कणीने तिकडे हुंगले. रांग नाही. वाट नाही. गोष्ट नाही. एवढी मोठी खोली, आणि एवढीशी कणी.

"होडीचं काय झालं?" तिने विचारले.

उत्तर द्यायला कोणी नव्हतेच.

मग कणी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

मंजिरी पायरीवर बसली होती. तीही एकटीच.

"मंजिरी, मंजिरी, गोष्ट वाच!"

"कशी वाचू, कणी? पुस्तक बाहेर आणायचं नाही. आत बोलायचं नाही. फळा शब्द सोडेल, तर मी गोष्ट वाचीन."

कणी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. फळ्याकडे गेली.

"फळ्या, फळ्या, शब्द सोड!"

"का म्हणून?"

"मंजिरी गोष्ट वाचत नाही,
आणि होडीचं काय झालं, मला कळत नाही!"

फळा ताठ उभा होता. तो म्हणाला, "माझ्यावर लिहिलं, मी धरलं. धरलेलं मी सोडत नसतो. डस्टर मला पुसेल, तर सोडीन."

कणी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. डस्टर खिडकीत पडला होता.

"डस्टरा, डस्टरा, फळा पूस!"

"आँ... आँ... फस्स! का म्हणून?"

"फळा शब्द सोडत नाही,
मंजिरी गोष्ट वाचत नाही,
आणि होडीचं काय झालं, मला कळत नाही!"

"मला पाय आहेत का, हात आहेत का? आँ... फस्स! बाई मला धरतील, तर पुसीन."

कणी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. बाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर बाके. बाकांवर कोणी नाही.

"बाई, बाई, डस्टर धरा!"

"का गं, कणी?"

"डस्टर फळा पुसत नाही,
फळा शब्द सोडत नाही,
मंजिरी गोष्ट वाचत नाही,
आणि होडीचं काय झालं, मला कळत नाही!"

बाईंनी चष्मा काढला. चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"मलाही ही खोली खायला उठते गं. पण नियम मुलांचा आहे. मी एकटीने कसा पुसू? मुलांची सभा सांगेल, तर धरीन. घंटेला सांग, सभा बोलाव."

कणी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. घंटा वऱ्हांड्यात टांगलेली होती.

"घंटे, घंटे, सभा बोलाव!"

"का म्हणून?"

"बाई डस्टर धरत नाहीत,
डस्टर फळा पुसत नाही,
फळा शब्द सोडत नाही,
मंजिरी गोष्ट वाचत नाही,
आणि होडीचं काय झालं, मला कळत नाही!"

"मी आपण होऊन वाजले, तर शाळाच सुटेल की गं! भिवामामा मला वाजवतील, तर बोलावीन."

कणी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. भिवामामा चहा पीत होते. फुर्र, फुर्र.

"मामा, मामा, घंटा वाजवा!"

"का गं, बाय?"

"घंटा सभा बोलावत नाही,
बाई डस्टर धरत नाहीत,
डस्टर फळा पुसत नाही,
फळा शब्द सोडत नाही,
मंजिरी गोष्ट वाचत नाही,
आणि होडीचं काय झालं, मला कळत नाही!"

"भलत्या वेळी वाजवली, तर पोरं डबे घेऊन पळतील! सभेची घंटा केव्हा? चिठ्ठीपेटीत चिठ्ठी पडली म्हणजे. पेटी मला चिठ्ठी देईल, तर वाजवीन. नियम म्हणजे नियम." फुर्र.

कणी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. पेटी दाराच्या मागे होती. कोपऱ्यात.

"पेटी, पेटी, चिठ्ठी दे!"

"का म्हणून?"

"मामा घंटा वाजवत नाहीत,
घंटा सभा बोलावत नाही,
बाई डस्टर धरत नाहीत,
डस्टर फळा पुसत नाही,
फळा शब्द सोडत नाही,
मंजिरी गोष्ट वाचत नाही,
आणि होडीचं काय झालं, मला कळत नाही!"

"कुठून देऊ? माझ्या पोटात बघ."

कणी फटीतून आत गेली. आत काळोख होता.

"आहे का कोणी?"

"...कोणी? ...कोणी?" पेटी घुमली. आत काहीच नव्हते.

"नियम केले आणि सगळे गेले," पेटी म्हणाली. "मागे कोणी आलंच नाही. कोणी चिठ्ठी टाकेल, तर देईन."

कणी बाहेर आली. बसली. आता कोणाकडे जायचे? मंजिरी झाली. फळा झाला. डस्टर झाला. बाई झाल्या. घंटा झाली. मामा झाले. पेटी झाली. पुढे कोणी नव्हते. मागे कोणी नव्हते. मध्ये कणी.

कणी हळूच म्हणाली. स्वतःलाच म्हणाली.

"पेटी चिठ्ठी देत नाही,
मामा घंटा वाजवत नाहीत,
घंटा सभा बोलावत नाही,
बाई डस्टर धरत नाहीत,
डस्टर फळा पुसत नाही,
फळा शब्द सोडत नाही,
मंजिरी गोष्ट वाचत नाही,
आणि होडीचं काय झालं, मला कळत नाही."

मग ती उठली.

कपाटाखाली कागदाचा एक कपटा पडला होता. कोणत्या तरी पानाचा कोपरा. तिळाएवढा. कणीला लिहिता येत नव्हते. पण कणीला उचलता येत होते.

उचल, ओढ, थांब. उचल, ओढ, थांब.

फरशीवरून, उंबऱ्यावरून, पेटीवरून वर. एकदा कपटा सुटला. कणी खाली आली. पुन्हा उचल, ओढ, थांब.

फटीपाशी पोचली. ढकलला.

टप्!

एवढासा आवाज. पण पेटीला ऐकू आला.

"मामा! ओ मामा! चिठ्ठी!" पेटी ओरडली.

भिवामामांनी कप ठेवला. पेटी उघडली. डोळ्यांजवळ धरून पाहिले. "कोरी दिसते. पण कोरी नको, असं नियमात कुठे आहे?"

टण! टण! टण!

मुले धावली. दिगंबर डबा घेऊनच धावला.

"डबा नको रे बाबा! सभा आहे, सभा!" भिवामामा म्हणाले.

सगळे वाचनालयात बसले. बाईंनी बोट पुढे केले. बोटाच्या टोकावर चिठ्ठी होती. चिठ्ठीच्या कडेला कणी होती.

"दिगंबर, वाच पाहू."

दिगंबरने डोळे बारीक केले. "यात काहीच नाही, बाई!"

"का बरं नाही?"

मग यशोधन उठला. तो पहिलीतला. सगळ्यांत लहान.

"फळ्यावर लिहिलंय ना, बाई. बोलू नका. म्हणून चिठ्ठी गप्प बसलीय."

कोणी हसले नाही. कोणी हलले नाही. खोली किती गप्प झाली आहे, ते सगळ्यांना एकदम ऐकू आले. कणीला तर ते रोजच ऐकू येई.

मग वैदेहीला राहवेना. खुदकन्!

बाईही हसल्या. "नियम पुन्हा करू या," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्यासाठी नको. ज्याने त्याने आपल्यासाठी."

आणि मग काय झाले?

पेटीने चिठ्ठी दिली होती,
मामांनी घंटा वाजवली होती,
घंटेने सभा बोलावली होती.
आता बाईंनी डस्टर धरला,
डस्टरने फळा पुसला, फस्स!
फळ्याने शब्द सोडला,
आणि बाईंनी खडू घेतला.

"मी आत हळू चालीन," यशोधन म्हणाला.

"मी डबा बाहेर ठेवीन," दिगंबर म्हणाला. "चिवडासुद्धा."

"मी हसू आलं तर तोंडावर हात धरीन," वैदेही म्हणाली.

"बोटांतून थोडं सांडलं तर चालेल हं," बाई म्हणाल्या.

मंजिरी म्हणाली, "मी मोठ्याने वाचीन. पण त्या कोपऱ्यात. ज्याला ऐकायचं, त्याने तिथे यायचं."

बाईंनी सगळे लिहिले. मग बोटावर पाहिले. "आणि तू गं?"

कणी म्हणाली, "मी ऐकीन."

बाईंनी तेही लिहिले. सगळ्यांत खाली. सगळ्यांत बारीक अक्षरात.

मंजिरी कोपऱ्यात बसली. पुस्तक उघडले. कणी पानाच्या कडेला उभी राहिली. अगदी कडेला.

"नदी वळली. होडी वळली. आणि मग..."

मंजिरीने पान उलटले.

"वळणापलीकडे घाट होता. घाटावर एक खुंटा होता. त्याला कधीपासून कोणी होडी बांधली नव्हती. होडी म्हणाली, 'थांबू का इथे?' खुंटा म्हणाला, 'मी कधीचा थांबलोय.' होडीने आपली दोरी त्याच्याकडे टाकली. पाणी वाहत राहिले. होडी थांबली."

कणीने मोठा श्वास घेतला. मुंगीएवढा मोठा.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. तुरु तुरु, तुरु तुरु. रांग! नवी वाट काढून आली होती. खिडकीतून आत, कपाटावरून वर. रांग थांबली नाही. रांग कधी थांबते का?

पण शेवटची मुंगी थांबली.

"इथे काय करतेस गं एकटी?" तिने विचारले.

"ऐकतेय," कणी म्हणाली.

"काय?"

"बस. सांगते. एक होती होडी. तिची दोरी सुटली..."

पान मिटले, गोष्ट उरली;
ज्याने ऐकली, त्याला पुरली.