तळ्यातलं फूल, गोमुखातलं पाणी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या राज्यातल्या एका राजाने दोन टेकड्यांच्या मधे मातीचा भला थोरला बांध घातला आणि ओढा अडवून तळं केलं. शेतीसाठी म्हणाल, तर छे! त्या पाण्यावर कधी एक वाफा भिजला नाही. तळं होतं नौकाविहारासाठी. तो राजा गेला, त्याचा मुलगा गेला, नातू गादीवर बसला. नावा दर पिढीला नव्या झाल्या, बांध मात्र तोच राहिला. सावलीसाठी त्याच्यावर लावलेली जांभळाची झाडं वाळली, त्यांची मुळं आतल्या आत कुजली. नव्या राजाने त्या जागी रंगीत छत्र्या उभ्या केल्या आणि काम झालं असं समजून तो निजला.

बांधाला एक म्हातारा राखणदार होता. रोज बांधावरून चालत जायचं, भेग दिसली तर माती लिंपायची आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम. बांधाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात त्याची एकुलती एक लेक दिली होती. तिचं नाव गिरजा. तिला सातवा महिना लागला होता आणि म्हाताऱ्याचा सगळा जीव तिच्यात अडकला होता.

त्याच उन्हाळ्यात गिरजेच्या सासऱ्यांच्या शेतात, अगदी बांधाला लागून, झरा फुटला. गावच्या विहिरी आटलेल्या आणि इथे बोटाएवढी धार! सासरे भाविक माणूस. त्यांनी तिथे दगडी गोमुख बसवलं. मग एके दिवशी गोमुखातून कण्हेरीचं फूल बाहेर आलं. राणीने त्याच सकाळी तळ्यात सोडलेल्या फुलांपैकीच ते होतं.

“देव तळ्यातून गावात आला!” लोक म्हणाले.

झालं! हळदी-कुंकवाच्या राशी पडू लागल्या. पाणी रात्रंदिवस पिवळं-तांबडं वाहू लागलं. लोक तीर्थ म्हणून ते ओंजळ ओंजळ पिऊ लागले. आधी नुसती फुलं यायची. मग अख्खी माळ आली. मग पानाचा द्रोण आला. आणि एका सोमवारी गडगडत नारळ आला. जेवढी वस्तू मोठी तेवढा चमत्कार मोठा, असं म्हणून लोकांनी त्या दिवशी गावजेवण घातलं.

म्हातारा लेकीला भेटायला गेला, तेव्हा व्याह्यांनी त्याच्यापुढे तीर्थ धरलं. आता झाली पंचाईत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणी पिऊ नये, अशी तिकडची रीत. आणि तीर्थाला नाही कसं म्हणायचं? म्हाताऱ्याने ते आपल्या तांब्यात घेतलं, घरी नेलं आणि कोनाड्यात ठेवून विसरला.

दुसऱ्या सकाळी आठवण झाली. तांब्यात वर नितळ पाणी होतं आणि तळाशी दोन बोटं तांबडा गाळ. म्हाताऱ्याने तो चिमटीत घेऊन मळला. त्याची गोळी वळली. हळदीची अशी चिकट गोळी वळत नाही. ही माती त्याने जन्मभर हाताळली होती.

तो भर दुपारी बांधावर गेला. वारा नव्हता. पक्षी नव्हते. तो पालथा झोपला आणि त्याने जमिनीला कान लावला. आत कोणीतरी पाणी पीत होतं. एक घोट. मग शांत. मग पुन्हा एक घोट.

इतक्यात एक खेकडा आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन बिळातून बाहेर आला आणि टेकडीकडे चालू लागला.

“कुठं निगालास रं?” म्हाताऱ्याने विचारलं. “तुमीच पोखरलाय न्हवं ह्यो बांध?”

“आम्ही बिळं करतो, खोटं कशाला बोलू?” खेकडा म्हणाला. “पण आम्ही थांबलो की आमचं बीळ थांबतं. आत एक बीळ आहे, ते कोणीच खणत नाही. आणि तरी ते वाढतंय. माझे दोन भाऊ बघायला गेले, ते आले नाहीत.”

एवढं बोलून तो चालता झाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

म्हातारा धावत राजाकडे गेला. तिथे दोन दिवसांवर आलेल्या नौकोत्सवाची गडबड होती.

“म्हाराज, बांध आतून पोकळ झालाय. पानी सोडायची मोरी उघडा. पानी निम्म्यावर आना.”

“आणि नावा काय चिखलात चालवू?” राजा हसला. “माझ्या आजोबांचा बांध आहे. साठ वर्षांत तसूभर हलला नाही.”

“साठ वर्सं झाली म्हनूनच सांगतुया, म्हाराज.”

राजाला ते आवडलं नाही. म्हाताऱ्याने स्वतःच पाणी सोडू नये म्हणून त्याने मोरीवर दोन भालेकरी उभे केले.

म्हातारा तसाच निघाला आणि दुसऱ्या सकाळी गावात पोचला. व्याह्यांनी त्याचं सगळं ऐकलं आणि हात झटकले.

“व्याही, देवाच्या पान्यात तुमाला माती दिसती? हळद हाय ती!”

लोक खो खो हसले. फक्त गिरजा हसली नाही. बाप उगाच काही बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं. पदर सावरून ती सासऱ्यांपुढे उभी राहिली.

“मामंजी, मला बिनहळदीचं पानी प्यावंसं वाटतंय.”

“आता हे काय भलतंच?”

“डोहाळे हायेत मामंजी.”

डोहाळ्यांपुढे कोणाचं काय चालतंय! सासरे कुरकुरले, पण सोय करून दिली. बायकांनी गोमुख घासून लख्ख केलं. हळद नाही, कुंकू नाही. सगळे वाट बघत उभे राहिले.

पाणी तांबडंच आलं.

गिरजेने घागर भरली आणि अंगणात ठेवली. बायका भोवती बसल्या. दिवस कलेपर्यंत कोणी उठलं नाही. मग गिरजेने वरचं पाणी हळूच ओतून दिलं. तळाशी वीतभर माती होती.

“मामंजी,” पोटावर हात ठेवून ती म्हणाली, “इतकं दिस आपुन बांध पितोय.”

उत्सवाच्या दिवशी सकाळीच गाव गुरंढोरं घेऊन टेकडीवर चढलं. सासरे मात्र गोमुखाजवळ बसून राहिले. गिरजेने पाय धरले, ती रडली.

“मी बोलावल्याला देव मला बुडवायचा न्हाई, पोरी,” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू जा. पोटातलं जप.”

टेकडीवरून सगळं दिसत होतं. पलीकडच्या घाटावर सनई वाजत होती. राजा नावेत बसला होता, दोर अजून सुटले नव्हते. वारा तर मुळीच नव्हता. आणि तरी सगळ्या नावांची तोंडं हळूहळू एकाच जागेकडे वळली. सनई थांबली. मोरीवरचे दोघे भालेकरी भाले टाकून टेकडीकडे पळाले.

बांध एकदम फुटला नाही. बांधावरची एक रिकामी छत्री दमलेल्या माणसासारखी खाली बसली. मग तिच्या शेजारची बसली. त्यानंतर तो आवाज आला, आणि म्हाताऱ्याने लेकीला जवळ ओढून तिचे डोळे झाकले.

पाणी ओसरलं तेव्हा खाली एक उंबरठासुद्धा उरला नव्हता. दोरांनी धरून ठेवल्यामुळे राजाच्या सगळ्या नावा गाळात रुतून राहिल्या होत्या. राजा गुडघाभर चिखल तुडवत टेकडीवर आला. लोकांच्या तोंडाकडे बघायचं त्याला धाडस होईना.

“किती माणसं गेली?” त्याने विचारलं.

“एक,” कोणीतरी म्हणालं.

राजाने सुटकेचा निःश्वास सोडला. “एकच ना!”

गिरजा पुढे आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“एकच कसं म्हनता म्हाराज? माझे मामंजी हुते ते.”

राजाची मान खाली गेली. त्याने बांध पुन्हा कधी घातला नाही. ओढा मोकळा वाहू दिला आणि टेकडीवर गावाला नवी घरं बांधून दिली. पण त्या एका माणसासाठी त्याला काहीच करता आलं नाही.

तात्पर्य : संकटाच्या खुणेला हात जोडून संकट टळत नाही, ती खूण वेळीच ओळखावी लागते.