सगुणाला न दिसलेली बहीण

हं, या सरकून जवळ. पाय पांघरुणात घ्या. तर फार पूर्वी डोंगराच्या कुशीत गवळ्यांची एक वाडी होती. तिथं सगुणा नावाची पोर राहायची. आठ वर्षांची. हातानं चपळ, मनानं मायाळू. पण राग? बाई बाई! कान तापायचे, मुठी वळायच्या. आणि रागाच्या भरात ती जे बोलायची ते खरं व्हायचं, बरं का. का, ते कुणाला ठाऊक नाही. कुणाला जन्मतः तीळ असतो, तसं हिला हे.

एकदा काय झालं, म्हशीनं लाथ मारून तिची दुधाची चरवी लवंडली. "आटू दे तुझं दूध!" सगुणा ओरडली. दुसऱ्या दिवसापासून कासेत थेंब नाही. बापानं म्हैस विकली. घरचं ताक बंद झालं.

मग तिची मैत्रीण गोदी खेळताना तिला हसली. "माझ्याशी बोलूच नकोस कधी!" झालं. गोदी सगळ्यांशी बोलायची, पण सगुणासमोर आली की नुसते ओठ हलायचे. दोघी एकमेकींकडे बघून रडायच्या.

मग आली मंजीची पाळी. मंजी म्हणजे सगुणाची धाकटी बहीण, चार वर्षांची, सारखी ताईच्या मागंमागं. एका दुपारी तिनं ताईची काचेची बांगडी घालायला घेतली नि फोडली. "चालती हो! परत दिसू नकोस मला!"

आणि मंजी दिसेनाशी झाली.

आईला दिसायची. बापाला दिसायची. फक्त सगुणाला नाही. ताटातला भात कमी व्हायचा, जेवणारी दिसायची नाही. कुणीतरी परकर ओढायचं. "ताई, मी इथंच आहे गं." सगुणा चाचपडायची. हाताला मऊ केस लागायचे, डोळ्यांना काहीच नाही.

रडत रडत ती वाडीतल्या म्हाताऱ्या सुईणीकडे, जनाक्काकडे गेली.

"गेलेलं दूध गेलं," जनाक्का म्हणाली. "मंजीचं तेवढं बघू. राग येणारच पोरी, त्यात पाप नाही. पण आला की तोंड उघडायच्या आधी ओढ्यात पाय सोडून बस. पाय गार झाले की घरी ये आणि 'मला राग आलाय' एवढंच सांग. कुणाचं वाईट चिंतू नकोस. ओळीनं तीनदा जमलं की मंजी दिसेल. मध्ये चुकलीस, तर पुन्हा पहिल्यापासून."

"तीनदाच ना?" सगुणानं डोळे पुसले.

तीनदाच! सोपं वाटतं, नाही? एकदा जमायचं, दुसऱ्यांदा फसायचं. एकदा दोनदा जमलं, तर तिसऱ्यांदा ती आईला म्हणाली, "मोडू दे तुझी चूल!" चूल मधोमध तडकली. पुन्हा पहिल्यापासून.

अशी वर्षं गेली. गोदीचं लग्न झालं. निघताना ती सगुणाच्या गळ्यात पडून काहीतरी बोलली. काय, ते सगुणाला कधीच कळलं नाही. मंजीचे दुधाचे दात पडले, आईनं सांगितलं म्हणून कळलं. मग हळूहळू परकर ओढणारा हातही थांबला.

सगुणा पंधरा वर्षांची झाली. ओळीनं दोनदा जमलं होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मंजे, बस ना जरा माझ्यापाशी."

"कशाला?" दारातून आवाज आला. "तूच म्हणालीस ना, दिसू नकोस? मग आता मलाही नाही दिसायचं तुला."

सगुणाचे कान तापले. शब्द जिभेवर आला. ती तशीच उठली, ओढ्यावर गेली, पाय सोडून बसली. किती वेळ कुणास ठाऊक. पाय गार पडले तेव्हा घरी आली.

"मंजे, मला राग आलाय. खूप आलाय."

एवढंच. आणि तिसऱ्यांदा जमलं.

तर दारात एक उंच मुलगी उभी. लांब वेण्या, हनुवटीवर कसलासा व्रण. सगुणानं ओळखलंच नाही.

"मंजी?"

"हं."

सगुणानं दोन्ही हात पुढं केले. मंजी लगेच आली नाही. बराच वेळ बघत राहिली. मग आली, आणि हातभर अंतर ठेवून बसली.

पुढं ते अंतरही मिटलं. भांडल्या, हसल्या, दोघी सुखानं राहिल्या. पण मागंमागं फिरणारी ती चार वर्षांची मंजी? ती काही सगुणाला परत दिसली नाही.

चला, मिटा डोळे. धाकट्याच्या अंगावर पांघरूण ओढ रे. झोपा आता.