पांगाऱ्याची मेख

खाडीकाठच्या एका गावात एक लोहार राहत होता. त्याच्या हातचं काही म्हणून तुटत नसे. घर पडलं तरी त्याची बिजागरी चौकटीला धरून राहायची, आणि ही गोष्ट तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

एकदा त्याने हौसेने एक जुनी होडी घेतली. अरुंद, हलकी, एका माणसापुरती. मग काय, हात शिवशिवायला लागले! खारं पाणी लोखंड खातं हे ठाऊक असल्यामुळे त्याने बसायच्या फळीला पितळी स्क्रू लावले. गळाची काठी अडकवायला पितळेचाच आकडा ठोकला. राहिली ती पुढच्या टोकाची, नांगराचा दोर बांधायची कडी. ती पांगाऱ्याच्या एका मेखेवर अडकवलेली होती. पांगारा म्हणजे नखाने ओरखडा उठेल असं लाकूड. लोहाराला हसूच फुटलं.

"अहो, तेवढी मेख राहू द्या," बायको म्हणाली. तिचं माहेर पलीकडच्या काठावरचं, होडीवाल्यांचं. "आमच्याकडे ती मुद्दाम कच्ची ठेवतात. नांगर खडकात अडकला की मेख मोडते. नांगर जातो, पण माणूस घरी येतो."

"लोहाराच्या होडीत कच्ची मेख? अगं, लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

त्याने मेख उपटून फेकली. जाडजूड पितळी बोल्ट आरपार घातला, आतून रुंद चकती बसवली आणि नट कधी सुटू नये म्हणून टोक ठोकून चपटं केलं. "आता हत्ती बांध, हलायची नाही," असं त्याने बायकोला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला तो खाडीत गेला. खडकाळ जागी नांगर टाकला, दोर आखूड धरून कडीला घट्ट गाठ मारली. मासे लागत होते, स्वारी खुशीत होती. भरती सुरू झाली ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

अचानक पाय ओले झाले. बघतो तर वारा नाही, लाट नाही, आणि होडी आपली पुढून खाली चाललेली! नांगर खडकात रुतला होता, पाणी चढत होतं आणि दोर तसूभरही वाढणार नव्हता. गाठ सोडायला तो पुढे सरकला, तर त्याच्याच वजनाने टोक आणखी दबलं. पाणी भसाभसा आत आलं.

"तूट गं बाई, तूट!" तो ओरडला. दोर कापायला जवळ सुरी नव्हती, म्हणून वल्ह्याने त्याने कडीवर घाव घातले. एखाद्या वस्तूने तुटावं म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदाच विनवणी केली होती. कडी हलली नाही. होडी त्याच्या पायाखालून गेली.

काठावरून बायकोने ते पाहिलं आणि ती किंचाळत कमरेएवढ्या पाण्यात धावली. भरतीने वल्ह्यासकट लोटून आणलेला नवरा तिच्या हाती लागला, म्हणून वाचला.

ओहोटीला सगळं गाव काठावर जमलं. होडी ओढून काढली ती चिखलाने भरलेली, एक बाजू उभी चिरलेली. दोराची गाठ मात्र अजून कडीला तशीच घट्ट होती.

"होडी गेली," एक म्हातारा म्हणाला, "पण कडी पक्की हो तुझी!"

आजवर असं कौतुक ऐकलं की लोहार मिशीत हसायचा. त्या दिवशी त्याने मान खाली घातली आणि तो उपटून फेकलेली मेख शोधायला घरी गेला.

तात्पर्य काय, तर बांधणी पक्की करावी, पण तिच्यात एक जागा अशी ठेवावी, की वेळ आली तर ती मोडेल आणि माणूस वाचेल.