येसूची गुळणी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे पाण्याचे नळसुद्धा मातीचे असायचे तेव्हा, घणवडी नावाचं तांबटांचं एक गाव होतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून गावात उतरायचं, घराघरांच्या भिंतींच्या पोटातून जायचं आणि परसातल्या दगडी हौदात पडायचं. नळ नेमका कुठून गेलाय हे पुरणाऱ्यांनाच ठाऊक, आणि ते तर केव्हाच देवाघरी गेलेले.

या गावात आवाजाला तोटा नव्हता. घरोघर ऐरण, घरोघर हातोडा. एकाचा हात भरून आला की दुसरा ठोकायला बसे. ठोका थांबला तर घरात कुणी नाही असं समजून लक्ष्मी उठून जाते, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे दिवस असो की रात्र, ठण् ठण् ठण् चालूच. घणवडीचं तान्हं मूल शांत गावात नेलं तर घाबरून रडतं, असं म्हणतात.

आणि या आवाजावर आवाज चढवून बोलू शकेल अशी पंचक्रोशीत एकच बाई होती, येसू कुंभारीण. डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन ती गावोगाव फिरायची. मडकं विकायची, सोबत बातमी फुकट द्यायची, आणि जमलंच तर एखादी सोयरीकही जुळवून द्यायची. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की ऐकणारा दमायचा, येसू नाही. पण गिऱ्हाईकाच्या हाती मडकं देण्याआधी मात्र ती बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि क्षणभर कान द्यायची. पक्कं मडकं खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. येसूच्या हातून तडकलेलं मडकं कधी कुणाच्या घरी गेलं नाही.

बाळोबा तांबटाच्या मुलाची सोयरीक तिनेच जुळवलेली. सून सगुणा गुणाची पोर. पण ती आली आणि वर्ष सरायच्या आत त्या घरचा हौद भरेनासा झाला. आधी पाऊण, मग निम्मा, मग नुसता तळाला ओलावा. शेजारपाजारचे हौद काठोकाठ आणि बाळोबाचा कोरडा.

बाळोबाने तांबटाला सुचेल तोच उपाय केला. ‘‘पानी कमी पडतंय? मोठा हंडा ठोकू.’’ मोठा झाला, पाणी आणखी कमी. त्याने त्याहून मोठा ठोकला. शेवटी असा हंडा झाला की आत उतरून माणसाने मांडी घालून बसावं, आणि त्यात पाणी मात्र तांब्याभर. तरी बाळोबा मागच्या भिंतीला टेकवलेल्या ऐरणीवर जोर काढतच होता.

सासूबाई मथाबाईंचा हिशेब आणखी सोपा होता. ‘‘हिच्या पायगुणानं झालं. हात सैल हाय हिचा, पानी ओतून टाकती.’’ सगुणाने शपथा घेतल्या, तांब्या-तांब्याने पाणी पुरवलं, स्वतः तहानेली राहिली. कुणी मानेना. अखेर मथाबाईंनी सुनेच्या माहेरी सांगावा धाडला, तुमची पोर घेऊन जा. भाऊ दुपारी गाडी घेऊन येणार होता. आणि त्या काळी अशी माहेरी गेलेली पोर परत यायची नाही.

त्याच सकाळी येसू पाटी घेऊन दारात आली. पाहते तो सगुणा गाठोडं बांधतेय.

‘‘अगं, रडतीस कशापायी?’’

‘‘आत्या, म्या एक थेंब वाया घालवला नाही. पण सांगू कुणाला?’’

येसूला आठवलं, ही पोर आपण आणली, आपल्या शब्दावर आणली. तिने पाटी उतरवली, हौदाशी गेली, नळाची करंगळीएवढी धार पाहिली. मग भिंतीवर टिचकी मारली. पुन्हा मारली. भिंत तडकलेल्या मडक्यासारखी बद्द वाजली. आणि ओरडली, ‘‘मथावैनी, सून न्हाई गळत तुमची. घर गळतंय!’’

‘‘गळतंय तर दिसंल की!’’ मथाबाई म्हणाल्या.

‘‘दिसायचं न्हाई, ऐकू येईल. पर तुमच्या या ठणठणाटात ऐकू कसं? घण थांबवा. सगळ्या गावाचं.’’

गाव जमलं आणि पोट धरधरून हसलं. घण थांबवायचे? आणि लक्ष्मी गेली तर? बाळोबाने मिशीवर हात फिरवला. ‘‘येसू, तू गप बसून दाखीव. तू बसलीस तर आमचं घण बसतील.’’

हा डाव आपण जिंकलाच, असं प्रत्येकाला वाटलं. येसूलाही, खरं सांगायचं तर, स्वतःचा भरवसा नव्हता. म्हणून तिने नव्या मडक्यातलं पाणी घेतलं आणि तोंडात गुळणी धरली. गाल टम्म फुगले. आता बोलायचं तर पाणी सांडणार, आणि पाणी सांडायचं तर सगुणाच्या नावावर सांडणार. मथाबाई काही बोलू पाहताहेत असं दिसताच येसूने मडकं त्यांच्याही तोंडाला लावलं. मग बाळोबाच्या, मग जमलेल्या प्रत्येकाच्या. शब्दाला जागणारी माणसं ती. एकेक हातोडा खाली आला. शेवटचा ठोका पडला आणि विरून गेला.

अशी शांतता घणवडीने कधी ऐकली नव्हती. मुंगी भिंतीवरून चालली तर पावलं वाजली, असं म्हणतात. शेजारच्या गावातल्या कोंबड्या रात्र झाली समजून खुराड्यात जाऊन बसल्या, असंही म्हणतात. लोक मात्र डोळे विस्फारून आपल्याच छातीचे ठोके ऐकत उभे राहिले.

येसूने घरातलं मुसळ उचललं. एक टोक भिंतीला, एक कानाला. पुढच्या खोलीत पाणी सुखाने गुणगुणत होतं. माजघरातही तसंच. मागच्या भिंतीपाशी, ऐरणीच्या जरा वर, येसू थबकली. तिथे पाणी गुणगुणत नव्हतं, मुसमुसत होतं. अगदी सकाळी सगुणा मुसमुसत होती तसं. येसूचे डोळे भरून आले, पण गुळणी सांडली नाही. तिने सगुणाला बोलावून मुसळ तिच्या कानाला लावलं. पोरीने ऐकलं आणि क्षणाचाही विलंब न लावता पहार उचलली.

भिंत फुटली. आत खापरी नळाला हातभर तडा. बाळोबा जितका मोठा हंडा ठोकत गेला, तितका तडा वाढत गेला होता. आणि गळलेलं पाणी भिंतीखालून सरळ परसात जात होतं, मथाबाईंच्या केळीच्या बुंध्याशी. तीच केळ, जिच्याबद्दल त्या वर्षभर गावाला सांगत होत्या, ‘‘माझ्या हाताला गुण हाय, बिनपान्याची वाढती.’’

मथाबाईंना खूप काही बोलायचं होतं. तोंडात पाणी होतं. त्यांनी केळीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि गुळणी न सांडता सगुणाचं गाठोडं सोडायला घेतलं. तेव्हा कुठे येसूने घोट गिळला. मग जी सुरू झाली ती आपल्या भट्टीतला तयार नळ आणून, चुना-तेल-कापूस कुटून सांधा भरेपर्यंत थांबली नाही. संध्याकाळी हौद भरून वाहिला. भाऊ गाडी घेऊन आला होता, तो बहिणीऐवजी केळ्यांचा घड घेऊन हसत परत गेला. लक्ष्मीही कुठे गेली नाही. बिचारी पहिल्यांदाच जरा डोळा लागून झोपली, असं म्हणतात.

पुढे येसूचे कान इतके तयार झाले की डोंगरापलीकडे माठ पाझरला तरी तिला झोपेत कळायचं. ती गेली त्या दिवशी गावातला एकेक नळ घटकाभर आपणहून गप्प झाला, असं म्हणतात. खरं-खोटं तो झरा जाणे.

आता घणवडीत नळ प्लॅस्टिकचे आहेत आणि भांडी यंत्रावर ठोकतात. तरी अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी यंत्रं थांबतात, टीव्ही बंद होतो, बैलांच्या गळ्यातल्या घंटांना फडकं बांधतात. प्रत्येक जण नव्या माठातल्या पाण्याची गुळणी धरतो. घरातली सगळ्यात नवी सून मुसळ घेऊन भिंतींना कान लावत पुढे चालते, आणि सासू मागे, गाल फुगवून. दरवर्षी एखाद्या घरात गळती सापडते, आणि गावाच्या हौदात पाणी कमी पडत नाही.

बाकी वर्षभरही कुठे साखर लवकर संपली, दूध उतू गेलं, किल्ली हरवली आणि कुणी कुणाकडे बोट दाखवायला लागलं, की घरातलं वडीलधारं माणूस पाण्याचा तांब्या पुढे करतं आणि म्हणतं, ‘‘आधी येसूची गुळणी धर. मग बोल.’’