गोधडीतला फोन

वस्तू एकमेकींशी बोलत त्या काळात एके दिवशी ऊन असं तापलं, की कावळेही सावली सोडेनात. खिडकीतला फोन सारखा बंद पडत होता. द्वारकाबाईंनी त्याला हौसेनं गोधडीची पिशवी शिवली होती, पण आज त्या वैतागल्या. “लेकीचा फोन यायचा नि हा डोळे मिटतो! उद्या जातो भंगारात.”

फोन पोटातल्या बॅटरीवर खेकसला, “आळशे, तुझ्यापायी चाललो मी भंगारात!”

“तापलेय रे. जागी राहिले तर तू जळशील, म्हणून डोळे मिटते.”

तेवढ्यात बाईंनी पिशवीत हात घातला. “अगं बाई, हा तर तव्यासारखा तापलाय!” पिशवी काढून त्यांनी फोन सावलीत, माठाशेजारी ठेवला. जरा वेळानं तो सुरू झाला आणि लेकीशी पोटभर बोलणंही झालं.

फोनला भरून आलं. “बये, किती सोसलंस माझ्यासाठी!”

शेजारचा माठ म्हणाला, “आभार सावकाश मान, लेकरा. एवढं बोलून ती पुन्हा तापलीय, आधी तिला गार होऊ दे.”