डाव्या हाताचा डेरा

उत्तियाने आचार्यांचा मातीचा डेरा आपल्या कांबळ्यात गुंडाळला, तेव्हा तेथे कोणी नव्हते. तो क्षण निवेदकानेही पाहिलेला नाही, आणि पाहिल्याचा आव येथे आणलेला नाही. पुढचे मात्र सर्वांदेखत घडले.

पूर्वी पोतन नगरात सुबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व कुंभारकुळात जन्मले. ते डावखुरे होते. त्यांचे चाक इतरांच्या उलट फिरे. त्यामुळे भांड्याच्या आत उमटणाऱ्या बोटांच्या रेघाही उलट वळत वर चढत. उत्तिय त्यांचा शिष्य. त्याने आधी माती तुडवली, मग मळली. चाकावर बसल्यावर आपले प्रत्येक ओले भांडे दोऱ्याने उभे चिरून त्याची जाडी तपासली. "भांडे बाहेरून गिऱ्हाइकाचे, आतून कुंभाराचे," आचार्य म्हणत. "पोटात हात घालून बघ."

राजाने बोधिसत्त्वांना राजकुंभाराचे पद देऊ केले. ते म्हणाले, "महाराज, माझे वय झाले. उत्तियाचा डेरा मागवा. त्याचे काम माझ्याहून उणे नाही."

या शब्दांनी उत्तियाचा धीरच खचला. भांडी भाजण्याचा आवा उघडल्यावर आपल्या डेऱ्याला त्याने टिचकीसुद्धा मारली नाही. तडकल्यासारखा बद्द वाजला तर? त्याने तो राखेतच ठेवला आणि शेजारचा, आचार्यांचा, उचलला.

सभेत डेरा पाण्याने भरला. थेंबही गळला नाही. अमात्य हसून म्हणाला, "घ्या! गुरूची झाली माती आणि शिष्याचे झाले सोने!"

राजाने डेरा रिकामा करवून बोधिसत्त्वांपुढे ठेवला. सवयीने त्यांनी हात आत घातला. बोटे तळावरून फिरली आणि थांबली. उत्तियाची मान खाली गेली.

"कसा आहे?" राजाने विचारले.

"निर्दोष आहे, महाराज. घडवणाऱ्याची खूण त्याच्या पोटातच आहे." त्यांनी डेरा शिष्याकडे सरकवला. "उत्तिया, बाळ, हात घाल."

उत्तियाने हात घातला. रेघा उलट्या लागल्या. धरणीने पोटात घेतले तर बरे, असे त्याला झाले.

"महाराज," तो म्हणाला, "हा डेरा डाव्या हाताचा आहे."

"म्हणजे?"

"मी उजवा आहे."

अमात्याचे हसू ओठांवरच राहिले. पद गेले. बोधिसत्त्वांनी शिष्याला बोल लावला नाही, परतताना एवढेच विचारले, "तुझा कुठे आहे?"

दुसऱ्याची गाथा आपली म्हणून गाणाऱ्या एका भिक्षूसमोर शास्त्या बुद्धांनी ही कथा सांगितली आणि जन्मांचा मेळ घातला: "तेव्हाचा उत्तिय म्हणजे हा भिक्षू, आचार्य मीच होतो." येथे प्रशंसा आहे ती ह्रीची, म्हणजे आतून उमटणाऱ्या लाजेची. उत्तियाला ती उशिरा उमटली, हेही नोंदवायला हवे.

राखेतला डेरा पुढे कोणीतरी उचलून नेला. त्यात पाणी राहत होते की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही.